चाळीस दिवसांचा परिच्छेद

तहसील कार्यालयाच्या कुंपणाला लागून पत्र्याच्या सावलीत आम्ही सात अर्जनवीस बसतो. सातांत माझे शिक्षण सर्वांत कमी, म्हणजे नववीपर्यंत, आणि माझा मसुदा सर्वांत पक्का. ह्या दोन्ही गोष्टी उरलेले सहाजण मान्य करतात. माझ्या अर्जातील परिच्छेद एकमेकांना असे धरून असतात की वाचणाऱ्या अधिकाऱ्याला मधून निसटता येत नाही. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. पुढे जे घडले ते ह्याच कसबामुळे घडले, म्हणून आधी नमूद करतो.

आमच्या व्यवसायाचा नियम सरळ आहे. सांगणारा जे सांगेल तेच लिहावे, त्याला वाचून दाखवावे, आणि शेवटी डाव्या कोपऱ्यात ‘सांगितल्याप्रमाणे लिहिले’ असा शेरा मारून आपली सही करावी. बावीस वर्षांत हा नियम मी एकदाच मोडला. त्या कागदाचा डावा कोपरा कोरा राहिला, आणि तो कोरा कोपरा मला आजही भर दुपारी आठवतो.

मी ख्रिस्ती आहे. आमचे प्रार्थनामंदिर नालवाडीच्या कडेला, जिथे प्लॉट संपून शेते सुरू होतात तिथे आहे. विटांच्या भिंती, वर पत्रे, आत प्लास्टिकच्या खुर्च्या. वीसएक कुटुंबे येतात. काही आंजीकडून बसने येतात. त्यांच्या घरांत अजून त्यांची स्वतःची भाषा चालते, पण गाणी ते आमच्यासोबत मराठीत गातात. ह्या मंडळीत माझ्याकडे एक काम होते. मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, बायबलमधील पहिली दोन वाचने लोक बसून ऐकतात. त्यानंतर शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्राचा भाग, वाचले जाण्यापूर्वी सर्वजण उभे राहतात, ढोलकीवर थाप पडते आणि ‘आलेलुया’ असा जयघोष तीनदा गाइला जातो. मग एकट्याने एक ओळ गायची असते. ती ओळ दर रविवारी निराळी असते, त्या दिवसाच्या वाचनाला धरून असते. ती झाली की पुन्हा सर्वांचा आलेलुया. ती एकट्याची ओळ अकरा वर्षे मी गात होतो. सगळे उभे आहेत, फादर पुस्तकापाशी थांबले आहेत, आणि माझा आवाज निघाल्याशिवाय पुढचे काहीच होऊ शकत नाही, ह्या क्षणाची मला सवय झाली होती. सवय हा सौम्य शब्द झाला.

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, चाळीस दिवस, आलेलुया गात नाहीत. त्याऐवजी दुसरा, साधा जयघोष असतो. त्या वर्षी उपवासकाळाच्या पहिल्याच रविवारी, लोक उभे राहिले आणि माझ्यासोबत गाणाऱ्या एका बाईच्या तोंडून सवयीने आलेलुया निघून गेला. ही बाई आंजीकडची, घरी शिवणकाम करणारी. आवाज माझ्यापेक्षा चांगला, हे मी तेव्हा मान्य केले नसते. मी हात वर करून तिला थांबवले आणि सर्वांसमोर म्हणालो, “चाळीस दिवस हा शब्द ओठांवर आणायचा नाही, एवढेही ठाऊक नाही?” ती खाली बसली. त्यानंतर ती मिस्सेला येत राहिली, पण गायला उभी राहिली नाही. ईस्टर जवळ आला तसा एखादा रविवार ती येतही नसे.

ईस्टरनंतरच्या मंगळवारी माझ्या टेबलासमोर तिघे येऊन उभे राहिले. एक पन्नाशीचा, हातात कापडी पिशवी. त्याला मी ओळखले. आमच्या मंदिराच्या मागच्या भिंतीला त्याचे घर लागून आहे. मी त्याला खिडकीतून पाहिले होते. त्याने मला कधी पाहिले नव्हते. उरलेले दोघे तिशीतले. एकाने काळा चष्मा कपाळावर चढवलेला, दुसऱ्याची नजर फोनमध्ये.

“काकाजी, एक तक्रार लिवा लागते,” पिशवीवाला म्हणाला. “ठान्यात द्याची हाय. आमच्या बाजूले ते प्रार्थनावाले हायेत ना, त्यायची ढोलकी. माही माय अंथरुणाले खिळली हाय. तिची खाट त्याच भिंतीले लागून. ढोलकी वाजली का दचकते बिचारी.”

“म्हणजे ढोलकी भिंतीपासून हलवावी, एवढेच?”

“हाव, एवढंच.”

“एवढंच काऊन?” चष्मेवाला मध्ये पडला. “नुसती ढोलकी लिवली तं तिथं कोनी पाह्यत बी नाई. लोकायले बाटवून राह्यले, असं लिवा.”

“त्याला पुरावा लागेल,” मी म्हणालो.

“पुरावा तुम्ही पाहा ना, काकाजी. लिवनारे तुम्ही.”

पिशवीवाल्याला एकदम काही आठवले. “अन् त्यायच्यात एक मानूस हाय. मधातच एकटा असा बोंबलते, असा बोंबलते, का बकरं कापून राह्यले वाटते. ना सूर ना ताल.”

तो एकटा माणूस मी होतो.

फोनवाल्याने तेव्हा प्रथम मान वर केली. “काकाजी, तुमी कुठचे?”

“वडनेरकडचा,” मी म्हणालो. ते तीस वर्षांपूर्वी खरे होते. टेबलावर मी धर्माचा उल्लेख करत नसे. कोणी विचारत नाही म्हणून सांगत नाही, असे मी स्वतःला समजावत आलो होतो. त्या दिवशी कळले की मी लपवत होतो. लिहायला नकार दिला असता तर त्यांनी कारण विचारले असते, आणि कारण माझ्या चेहऱ्यावरच उमटले असते. मी टंकलेखन यंत्रात कागद चढवला.

पहिला परिच्छेद ढोलकीचा झाला. दुसऱ्यात धर्मांतराचा ‘संशय’ लिहिला. इथवर भीतीने लिहिले, असे मी कोणासमोरही म्हणू शकतो. पण दुसरा परिच्छेद मोघम झाला होता. त्यात पकड नव्हती. असा मसुदा मी यंत्रातून कधीच बाहेर काढलेला नाही. शिवाय ते ‘ना सूर ना ताल’ माझ्या कानात होते. माझ्या हातांनी पुढचे आपोआप टंकित केले.

तिसऱ्या परिच्छेदात मी लिहिले की, सदर ठिकाणी बसलेला जमाव ठरलेल्या क्षणी एकाच वेळी उभा राहतो, एकच परकी घोषणा तीन वेळा देतो, व त्यानंतर एक इसम एकट्याने एक वाक्य उच्चारतो, जे दर आठवड्यास बदलत असल्याने तो सांकेतिक निरोप असल्याचे दिसून येते. आणि चौथ्यात लिहिले की, सदर घोषणा सणापूर्वी चाळीस दिवस हेतुपुरस्सर बंद ठेवली जाते व सणाच्या दिवशी दुप्पट जोराने पुन्हा सुरू केली जाते, सबब हा संपूर्ण प्रकार पूर्वनियोजित असल्याचे सिद्ध होते.

वाचून दाखवले. चष्मेवाल्याने मांडीवर थाप मारली. “वा काकाजी! हे तं आमाले बी मालूम नव्हतं. तुमाले कसं मालूम?”

“बावीस वर्षांचा अनुभव आहे,” मी म्हणालो.

पिशवीवाला मात्र गोंधळला होता. “पन ढोलकीचं राह्यलं ना त्यात?”

“पहिलाच परिच्छेद तुमचा आहे.”

त्याने अंगठ्याजवळ पेन घट्ट धरून सही केली. मी शेरा मारला नाही. डावा कोपरा कोरा आहे, हे तिघांपैकी कोणाच्याही लक्षात आले नाही.

पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर फादरांनी सर्वांना बसून राहण्यास सांगितले. आमचे फादर तरुण आहेत, दुसऱ्या राज्यातून आलेले. त्यांची मराठी पुस्तकातून आलेली आहे. त्यांच्या हातात कागद होता. तो मी पाठच्या बाजूनेही ओळखला असता.

“पोलीस ठाण्यातून ही प्रत मिळाली आहे,” ते म्हणाले. “कार्यालयीन मराठी मला कठीण जाते.” आणि त्यांनी तो कागद माझ्यापुढे धरला. “आपण कृपया वाचून दाखवाल का?”

मी उभा राहिलो. ज्या जागेवरून ओळ गात असे तिथूनच वाचू लागलो. आवाज दगाबाज निघाला. तो स्पष्ट लागला. स्वल्पविरामांवर थांबत, शब्दांवर जोर देत मी माझाच कागद चांगला वाचला. चौथा परिच्छेदही संपला.

आंजीकडच्या मंडळींत एक म्हातारी आहे, तिला सगळे मोठीमाय म्हणतात. ती म्हणाली, “थांब बाबू. ते चाळीस दिवसाचं पुन्हा वाच.”

मी पुन्हा वाचले.

“हे भायेरच्याले कसं मालूम?”

मग मागून एक निवृत्त कंपाउंडर हळूच म्हणाले, “मोठीमाय, त्या चाळीस दिवसांवरून राग कोनाले आलता, ते साऱ्यायले मालूम हाय.”

माना वळल्या. भिंतीकडच्या ओळीत शिवणकाम करणाऱ्या बाईची खुर्ची रिकामी होती. फादर लगेच म्हणाले की पुराव्यावाचून कोणाचे नाव घेऊ नये. कोणी घेतलेही नाही. नाव घेतले गेले असते तर मला काही बोलता आले असते, अशी मी नंतर समजूत काढली. खरे असे की कागद माझ्या हातात होता, त्याची मी नीट घडी घातली आणि तो फादरांना परत दिला. फादरांनी उत्तराचा मसुदाही माझ्याकडेच सोपवला. “आपल्याशिवाय दुसरे कोण लिहू शकेल?” ते म्हणाले.

त्या आठवड्यात टेबलासमोर सावली पडली की तो चष्मेवाला असेल असे वाटे. संध्याकाळी दारावर थाप पडली की मंडळीतले कोणी असेल असे वाटे. दोन्ही बाजूंनी एकाच कागदासाठी धरला जाईन, हा हिशेब कोणत्याही कलमात बसत नव्हता. अर्जनविशीचा परवाना जाईल ही भीती होती. मार बसेल ही होती. आणि त्या सर्वांच्या वर, सांगायला लाज वाटते, लोक उभे राहतील आणि ओळ मी गाणार नाही, ही भीती होती.

त्यापुढच्या मंगळवारी टेबलासमोर सावली पडली, ती त्या शिवणकाम करणाऱ्या बाईची होती. तिने पदराने घाम पुसला आणि समोरच्या बाकावर बसली.

“भाऊजी, एक अर्ज लिवून द्या.”

“कोणाला?”

“फादरले. का तो कागद म्या नाई लिवला, अन् कोनाले सांगून बी नाई लिवला.” ती एका दमात बोलत होती. “पोरींच्या पहिल्या कम्युनियनच्या विधीले घालाचे झगे शिवाले घेतलते ना मी. दोघीजनी येऊन पांढरं कापड घेऊन गेल्या. म्हने, कात्री नाई लागली ते बरं झालं. बसमध्ये मोठीमाय माह्याजवळ बसत नाई. सासू म्हनते, जाऊ नको आता तिकडं. मी काऊन नाई जाऊ? त्या दिवशी तोंडातून निघालं, तुमी बोलले, मी आयकून घेतलं. चूक माही होती. पन हे तं मी केलंच नाई ना, भाऊजी. तुमच्यासारखं लिवता येत नाई मले. तुमी लिवलं तं मानतीन ते.”

मी कागद चढवला. ‘विषय’ हा शब्द टंकित केला. त्यापुढे माझी बोटे उठली नाहीत.

“काऊन थांबले?”

“हा अर्ज मला लिहिता येणार नाही.”

“तुमाले बी वाटते का मीच—”

“तो कागद मी लिहिला.”

तिने माझ्याकडे नाही, यंत्राकडे पाहिले. “याच्यावर?”

“हो.”

“कोनी लिवाले लावला?”

“पहिला परिच्छेद मागच्या घरवाल्याचा. दुसरा त्याच्यासोबतच्यांनी लिहवून घेतला. शेवटचे दोन माझे.”

“चाळीस दिवसाचं?”

“माझे.”

शेजारच्या टेबलावरचा अर्जनवीस कुणाला तरी सातबाऱ्याचे काही समजावत होता. तिकडे पाहून तिने बाक माझ्या टेबलाजवळ ओढला.

“अन् साऱ्यायनं माह्या खुर्चीकडं पाह्यलं, तवा तुमी तिथंच होते?”

“होतो.”

“वाचून बी तुमीच दाखवला म्हनतात.”

“हो.”

“लय चांगला वाचला म्हने,” ती म्हणाली. तिचा ओठ हलला. ते हसू नव्हते. “मंग आता लिवा. मले नोका देऊ. फादरले द्या, अन् ठान्यात बी द्या. अन् खाली सही करा.”

मी तिला म्हणालो की ते दोघे मला सोडणार नाहीत. ती म्हणाली, “मले तं एकानंबी नाई सोडलं.” आणि उठली नाही. मी लिहीत असताना ती समोर बसून होती. लिहून झाल्यावर मी वाचून दाखवू लागलो तर तिने हात पुढे केला आणि स्वतः अक्षर अक्षर वाचले.

“हे ‘सबब’ काढा,” ती म्हणाली. “अन् ‘अनवधानाने’ काढा. तुमी जानूनबुजून लिवलं. साधं लिवा.”

मी दुसरा कागद चढवला. त्यात सहा वाक्ये होती. खाली डाव्या कोपऱ्यात माझी सही होती.

रविवारी एक हवालदार चौकशीला आले होते आणि मागच्या खुर्चीवर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. मी मिस्सेपूर्वी फादरांना कागद दिला. त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला, एक शब्द अडला तो मला विचारला, आणि म्हणाले, “आधी हे. मग मिस्सा.”

मी सहा वाक्ये वाचली. ह्या वेळी आवाज मुळीच लागला नाही; तिसऱ्या वाक्याला “जोरानं वाच” असे कोणीतरी म्हणाले. वाचून झाल्यावर पहिल्यांदा बोलले ते हवालदार.

“म्हंजे तक्रार बी तुमची, अन् खुलासा बी तुमचाच?”

“तक्रार अर्जदाराची आहे, साहेब. ढोलकीपुरती.”

“मंग म्या रिपोर्टात काय लिवू?”

दुसऱ्या कोणत्याही दिवशी लोक हसले असते. कंपाउंडर जमिनीकडे पाहत होते. मोठीमायने माझ्याकडे पाहिले आणि आपल्या भाषेत शेजारणीला काही म्हणाली. ते मला कळले नाही, आणि कोणी सांगितले नाही. शिवणकाम करणारी बाई खिडकीपाशी बसली होती. तिच्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. मोठीमाय उठली, काठी टेकत गेली आणि त्यांतल्या एकीवर बसली.

मिस्सा सुरू झाली. पहिले वाचन झाले. दुसऱ्या वाचनाच्या वेळी उठून ढोलकीपाशी जायचे, ही माझी अकरा वर्षांची रीत. मी उठलो नाही. मला कोणी नको म्हटले नव्हते, आणि जा असेही म्हटले नव्हते. वाचन संपले आणि लोक उभे राहिले. सगळे उभे राहिले म्हणून हवालदारही उभे राहिले.

आणि काहीच झाले नाही. ढोलकीवाल्याचा तळवा कातड्यावर ठेवलेला होता, तो तसाच राहिला. सुरुवात कोणी करायची हे कोणी ठरवलेच नव्हते. ते ठरलेलेच होते इतकी वर्षे. फादर पुस्तकापाशी थांबले. मी खिडकीकडे पाहिले. तिचे तोंड मिटलेले होते. त्या शांततेत भिंतीपलीकडून एका म्हाताऱ्या बाईचा खोकला स्पष्ट ऐकू आला, मग कोणीतरी तिला पाणी देत असल्याचा भांड्याचा आवाज. एवढ्या वर्षांत तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

हा जयघोष गाइला गेला नाही तर तो नुसता वाचत नाहीत. सोडून देतात, असा नियम आहे. फादरांनी आणखी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग पुस्तक उघडून सरळ शुभवर्तमान वाचायला सुरुवात केली.

ह्या गोष्टीला आता वर्ष होत आले. ढोलकी समोरच्या भिंतीला नेली आहे. मागच्या घरवाल्याने ठाण्यात जाऊन आपले समाधान झाल्याचे सांगितले असे कळते, पण कागद निकाली निघाला की नाही हे मला कोणी लेखी कळवलेले नाही. पांढरे कापड त्याच दोघीजणी तिच्याकडे परत घेऊन गेल्या. तिने ते घेतले. चष्मेवाला एकदा माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. “आमाले सांगितलं नाई काकाजी तुमी,” एवढेच म्हणाला, आणि निघून गेला. तो अधूनमधून समोरच्या टपरीवर चहा पितो आणि माझ्याकडे पाहतो. त्या दिवशी माझ्या मसुद्यांत चुका होतात.

एकट्याची ओळ आता ती गाते. मी शेवटच्या रांगेत असतो. लोक उभे राहतात, ढोलकीवाला तिच्याकडे पाहतो, आणि ती लगेच सुरू करत नाही; थोडी थांबते. तेवढ्या वेळात मी पुढच्या खुर्चीची पाठ धरतो. ती मुद्दाम थांबते की नुसता श्वास घेते, हे विचारण्याची मला हिंमत झालेली नाही.